सातबाऱ्यावरचं ‘खुद्द’

आण्णा गेले ते भाद्रपदात, ऐन पेरणीच्या तोंडावर. तेराव्याला आलेली माणसं मांडवात बसून आमचं सांत्वन करत होती आणि मधूनच बाहेर जाऊन आभाळ बघून येत होती. त्यात कुणाचं काही चुकत नव्हतं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी पेरायची तर उत्तरा आणि हस्त एवढीच नक्षत्रं हाताशी असतात. पाऊस उघडून वापसा आला, म्हणजे रान पेरण्याजोगं सुकलं, की तीन-चार दिवसांत बी मातीत गेलं पाहिजे. पुढं या पिकाला पाणी द्यायचं नसतं. पावसाळाभर जमिनीनं जी ओल पोटात धरली असेल, तेवढ्यावर चार महिने काढायचे. वापसा हुकला तर ते वर्ष हुकलं.

चौदाव्या दिवशी सकाळी तात्या, म्हणजे माझे चुलते, ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "आता दोन कामं कर. रान पेर आन् वारस लावून घे. दोन्ही लांबवू नगंस."

पेरणीचं मला ठाऊक होतं. वारस लावणं म्हणजे तलाठ्याकडं एक अर्ज द्यायचा, एवढीच माझी समजूत होती. त्या अर्जानं मला सहा महिने फिरवलं, आणि त्या फिरण्यात आण्णांचं आयुष्य मी पहिल्यांदा ओळीनं वाचलं. तेच इथं लिहितोय.

आधी पेरणीचं. आमचं रान साडेसात एकर, कागदावर ३ हेक्टर ३ आर. आण्णांनी बियाणं कधी विकत आणलं नाही. काढणीच्या आधी आठ दिवस ते एकटेच रानात फिरायचे आणि मनात भरलेल्या कणसाच्या ताटाला सुतळी बांधून ठेवायचे. दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा, ताट सरळ आणि किडीनं न चाटलेलं. ती कणसं वेगळी खुडायची, वेगळी बडवायची आणि कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या पेटीत ठेवायची. वाण मालदांडी. इथल्याच मालदांडीतून निवड करून मोहोळच्या संशोधन केंद्रात काढलेला ‘एम ३५-१’ रब्बी ज्वारीच्या मुलखात सगळीकडं गेला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हाचं पेपरातलं कात्रण आण्णांनी त्याच पेटीत, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलं होतं. पेटी उघडली तेव्हा आधी ते कात्रण दिसलं आणि मला काही वेळ बी काढायला सुचेना.

एकरी चार किलोच्या हिशोबानं बी मोजलं, कणसाला काणी, म्हणजे काळी बुरशी, पडू नये म्हणून किलोला चार ग्रॅम गंधक चोळलं. आता गावात बहुतेकांची पेरणी ट्रॅक्टरवर होते. आण्णांनी मात्र खिलार जोडी शेवटपर्यंत ठेवली होती. त्या वर्षी मी पैसे वाचवायला नव्हे, तर ती बैलं दावणीला आण्णांची वाट बघत उभी होती म्हणून तिफण जुंपली.

आणि तिथं अडलं. तिफणीमागं चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीवर, मूठ धरायची ती आईनंच, अशी आमच्या घरची रीत. आण्णा बैलं हाकणार, आई ओटीतलं बी मुठीनं चाड्यात सोडणार. तीन नळ्यांत सारखं बी पडावं, कुठं दाट नाही, कुठं विरळ नाही, हे बोटांचं काम आहे आणि ते माझ्या बोटांत नाही. भावकीतल्या एका म्हातारीनं बजावलं की नवरा जाऊन पंधरा दिवस नाही झाले, तिनं यंदा बियाला हात लावू नये. आई काही बोलली नाही. तिनं घरात जाऊन मोकळी ओटी बांधली आणि बाहेर येऊन बैलांपुढं उभी राहिली. मी ओटीत बी भरलं. त्या दिवशी तिन्ही नळ्यांतनं उगवण अशी एकसारखी झाली की दहा दिवसांनी बांधावरनं पाहिलं तर दोरी लावून ओढलेल्या रेघा वाटत होत्या. अशा रूढींबद्दल मला एरवी बोलायला आवडत नाही, पण माझ्या आईच्या हातचं बी अशुभ असतं असं म्हणणाऱ्यानं ते रान बघायला यायला हवं होतं.

मग वारस.

ग्रामपंचायतीतनं मृत्यूचा दाखला मिळाला. खातेदार वारला की तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यायची असते. अर्ज, मृत्यूचा दाखला, आठ-अचा (खात्याचा) उतारा, सगळ्या वारसांची नावं-वयं-पत्ते घालून शपथपत्र. ऑनलाइनही अर्ज देता येतो, पण मला समोर बसून समजून घ्यायचं होतं. भाऊसाहेबांनी (तलाठ्याला आम्ही भाऊसाहेबच म्हणतो, आता त्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय) नीट सांगितलं. आधी गाव नमुना सहा-क, म्हणजे वारसांची नोंदवही, तिथं नावं लागतात, चौकशी होते. मग नमुना सहामध्ये फेरफार धरला जातो. सगळ्या संबंधितांना नमुना नऊची नोटीस निघते, हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. कुणाची हरकत नसली तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. मग सातबाऱ्यावर नवी नावं येतात.

"आन् जुनं नाव?" मी विचारलं.

"त्याला कंस होतो."

बाहेर पडलो तरी तो शब्द डोक्यातनं जाईना. आण्णांच्या नावाला कंस.

कागद तपासताना दुसरीच अडचण निघाली. दाखल्यावर, आधारवर आण्णांच्या वडलांचं नाव एक होतं आणि संगणकाच्या सातबाऱ्यावर एक अक्षर वेगळं. हस्तलिखित उतारे संगणकात चढवताना कधीतरी ते घसरलेलं. एका अक्षरानं माझा आज्जा वेगळाच माणूस झाला होता. लेखनातली अशी चूक दुरुस्त करायला जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांचा आदेश लागतो आणि त्यासाठी पुरावा म्हणून जुने हस्तलिखित सातबारे जोडावे लागतात. अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज दिला. कोळपणीच्या दिवसांत चार वेळा मंगळवेढ्याला खेटे घातले. एकदा सुट्टी निघाली, एकदा वीज नव्हती, एकदा सर्व्हे नंबरवरून गट नंबर शोधण्यात दिवस गेला. कामाचा माणूस दिवस मोडून जातो तेव्हा त्याचं काय मोडतं, हे खिडकीच्या आतल्या बाजूनं दिसत नाही, एवढं मला म्हणायचंय. चौथ्या खेपेला नकला मिळाल्या. एसटी स्टँडच्या बाकावर बसून मी त्या उघडल्या.

सातबाऱ्याचा वरचा भाग गाव नमुना सात. जमीन कुणाची, किती, बोजा कुणाचा, इतर हक्क काय. आपण सगळे तेवढंच बघतो. खालचा भाग नमुना बारा. त्यात वर्षावार पिकं असतात. मी तो आधी कधी वाचलाच नव्हता.

१९७०-७१. ज्वारी. आज्जा गेल्यावर आण्णांचं नाव लागलं ते पहिलं वर्ष, तेव्हा ते वीस वर्षांचे होते. ७१-७२, ज्वारी. ७२-७३, पड.

एवढाच शब्द. पड. त्या वर्षाबद्दल आण्णा जे सांगायचे ते मला तोंडपाठ होतं. हस्त कोरडा गेला, तिफण बाहेरच काढली नाही. दुष्काळी कामावर खडी फोडायची, दुपारी सुकडी मिळायची, रेशनला मिलो यायची. तांबडी, परदेशची ज्वारी, जनावरांना घालतात तसली. "पांढऱ्या ज्वारीच्या गावात तांबडी भाकरी खाल्ली," हे सांगताना म्हातारपणीही त्यांचा आवाज उतरायचा. याच मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं उपाशी माणसांना उघडून दिली होती. आण्णा वारीला पंढरपूरला जायचे, पण घराचा देव त्यांना दामाजीच वाटायचा. सात हातांचं पेव, म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, भरलेलं असलं तरच रात्री झोप लागणारा माणूस. आमच्या वाड्यातलं पेव पुढं बुजवलं, पण तोंडावरची दगडी चकती त्यांनी तशीच ठेवून दिली.

७३-७४, ज्वारी आणि करडई. मग ओळीनं ज्वारी, ज्वारी, ज्वारी, मधे एखाद्या तुकड्यात हरभरा. पुढं दोन वर्षं सूर्यफूल, तेव्हा सगळ्या गावानंच लावलं होतं. २००३ च्या दुष्काळात पुन्हा निम्मं रान पड. त्या साली बैलजोडी छावणीत होती आणि आण्णा छावणीतच बैलांजवळ झोपायचे. शेजारच्या गावांत उजनीचं पाणी आलं, ऊस आला, सांगोल्याकडं डाळिंब आलं, मित्रांनी बंगले बांधले. आमच्या रकान्यात ज्वारीच.

प्रत्येक ओळीच्या शेवटी आणखी एक रकाना होता. जमीन करणाऱ्याचं नाव. त्यात वर्षानुवर्षं एकच शब्द, कधी शाईनं, कधी बॉलपेननं, वेगवेगळ्या तलाठ्यांच्या वेगवेगळ्या अक्षरांत. खुद्द.

म्हणजे स्वतः मालक करतो. मला आधी अभिमान वाटला. माझ्या बापानं रान कधी खंडानं दिलं नाही, कुणाच्या वाट्यानं केलं नाही. मग एसटी यायला वेळ होता म्हणून मी एकेक साल आठवत बसलो आणि तो शब्द मला पुरेना.

एका सालाजवळ बोट थांबलं. त्या साली आण्णांच्या मांडीचं हाड मोडलं होतं, बैलानं गव्हाणीवर दाबल्यामुळं. पेरणी होऊन गेली होती, कोळपण्या राहिल्या होत्या. काळ्या रानात कोळपणी म्हणजे नुसतं तण काढणं नसतं. दिवाळीनंतर थंडी वाढते, रान वाळत जातं आणि त्याला भेगा पडतात. पाय आत जाईल एवढ्या. त्या भेगांतनं ओल उडून जाते, मुळ्या तुटतात. म्हणून तिसरी कोळपणी दातेरी कोळप्यानं करून माती भेगांत लोटायची, भेगा बुजवायच्या. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. त्या वर्षी ती कोळपी आक्कानं धरली. माझी थोरली बहीण. चौदा वर्षांची. सातवीतनं तिचं नाव काढलं ते त्याच हंगामात, आणि ते परत घातलं नाही. मी तेव्हा पाचवीत होतो, माझी शाळा चालू राहिली. नमुना बारामध्ये त्या सालीही खुद्दच लिहिलंय. खाटेवर पडलेल्या माणसाच्या नावापुढं.

धाकटी तायडी पाखरं राखायची. हुरड्यात ज्वारी आली की पहाटेपासून माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, खांद्यातनं हात निघायचा. खुरपणी आईची. काढणीला तर सगळंच घर. आमच्याकडं ज्वारी विळ्यानं कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दोन्ही हातांत ताट धरून कमरेतनं हिसका द्यायचा. पहाटेच्या गारठ्यात जमीन सैल असते तेव्हाच ते जमतं, ऊन चढलं की तळहात सोलतात. आक्काच्या लग्नात हळद लावताना तिच्या तळहाताचे घट्टे बघून तिची सासू काहीतरी बोलली होती. चांगलं की वाईट ते मला आता आठवत नाही. घट्टे आठवतात.

हे मी आता सांगतोय ते एवढ्यासाठी की, बहिणींच्या नावांचं काय करायचं ते गावानं माझ्यासाठी ठरवूनच ठेवलं होतं. एकानं सल्ला दिला, "शपथपत्रात पोरींची नावंच घालू नकोस, कोण बघतंय?" ती तर सरळ खोटी शपथ झाली. दुसऱ्यानं जरा सभ्यपणे सांगितलं, "दिवाळीला आल्या की हक्कसोड, हक्क सोडल्याचा कागद, करून घे. भाऊबीजेला चांगली साडी घाल." तात्यांचंही मत तेच. त्यांच्या बहिणीनं, म्हणजे माझ्या आत्यानं, तसंच केलं होतं. आत्याला कुणी विचारलं नव्हतं, स्टँपवर बोट धरून अंगठा घेतला होता. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ सालीच आला होता, देशभर २००५ ला आला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मानंच मिळतो हेही स्पष्ट केलं. गावात मात्र हक्क मागणारी बहीण आजही माहेराला मुकते. आणि खरं सांगायचं तर बसस्टँडवर त्या नकला उघडेपर्यंत मीसुद्धा हक्कसोडीचाच विचार करत होतो. वाईट हेतू नव्हता. चार नावं लागली की पीककर्जाला चार सह्या, एक तुकडा विकायचा तरी चार सह्या. सोय बघत होतो.

भाऊबीजेला दोघी आल्या. ओवाळून झाल्यावर आक्कानंच विषय काढला. तिच्या घरच्यांनी तिला काही सांगून पाठवलं असेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "दादा, कुठं सही करायची तेवढं सांग. मी दोनच दिवस हाय."

मी तिच्यापुढं नकला ठेवल्या. तिला वाचता येतं, सातवीपर्यंतचं. त्या सालावर बोट ठेवून म्हणालो, "हे बघ, तुझ्या कोळप्याचं साल."

तिनं बराच वेळ बघितलं. मग तायडीकडं सरकवलं आणि म्हणाली, "त्या वर्षी लई भेगा पडल्या व्हत्या. पेंढी घातली तरी बुजंनात." एवढंच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की नाही ते मी बघितलं नाही, कारण मलाच समोरचं धड दिसत नव्हतं.

सही कुठंच करायची नाही, चौघांची नावं सामाईकात लावायची, असं मी सांगितलं. आई भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "तुझा बाप असता तर त्याला हे सुचलं नसतं." त्यात तक्रार नव्हती. आण्णा आपल्या काळाचे होते. लेकींना त्यांनी कधी टाकून बोललं नाही, पण जमीन लेकीची असते हे त्यांच्या मनात आलंच नसतं. मी त्यांच्यावर जितकं प्रेम करतो तितकंच हेही खरं आहे.

पुढची प्रक्रिया सुरळीत झाली. नावातलं अक्षर दुरुस्त झालं, सहा-कला चार नावं लागली, फेरफार धरला, नोटीस चावडीवर लागली. त्या पंधरा दिवसांत मला उगीचच धाकधूक होती, कोण हरकत घेणार होतं? मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला रानात कडब्याची कोप करून पाच पांडव मांडले, भज्जी-उंडे केले, आंबील रानभर शिंपडली. शिंपडायला आण्णा असायचे. मी पुढं झालो तर आवाजच निघेना, शेवटी माझ्या पोरानं ‘हर हर महादेव’ म्हटलं आणि मग सगळे निघालो.

सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली तोवर ज्वारी निसवून दाण्यात भरत होती. थोडा माव्याचा चिकटा आला होता, पण वाढला नाही. काढणीला मजूर मिळेनात. उपटणीला आता तरुण माणसं येत नाहीत, कशाला येतील? आक्काला फोनवर बोलता बोलता सांगितलं तर दुसऱ्या दिवशी जावयासकट हजर. मागनं तायडी पुण्याहून आली, दोन रजा टाकून. पन्नाशीतल्या बहिणीला मी कमरेत वाकून ताटं उपटताना पाहिलं आणि थांब म्हणालो, तर म्हणाली, "माज्या रानात मला थांब म्हनू नगंस." आम्ही दोघंही त्या शब्दावर क्षणभर थबकलो. मग ती पुढच्या ओळीला लागली.

उपटणीच्या आधी बियाची कणसं निवडायची राहिली होती. आण्णा बघायचे तसं बघत चौघंही रानात फिरलो. आईनं सगळ्यात कमी कणसांना सुतळी बांधली आणि तिचीच सगळ्यात सरस निघाली. मळणी झाल्यावर पोती चार वाट्यांत लावली. खर्च आधी वजा केला. कडबा मी बैलांना ठेवला, त्याचे पैसे दोघींनी घेतले नाहीत आणि त्यावरून आम्ही चांगलेच भांडलो.

नवा सातबारा फेब्रुवारीत हातात आला. आण्णांच्या नावाला कंस, खाली आई, मी, आक्का, तायडी. कंस केलेलं नाव पुसट होतं पण वाचता येत होतं. पीक आता आपणच मोबाइलवरून ई-पीक पाहणीत नोंदवायचं असतं, बांधावर उभं राहून फोटो काढून. मी ज्वारी नोंदवली होती. अडचणी आहेतच. सोसायटीच्या कर्जाला तायडीची सही आणायला मला पुण्याला जावं लागलं, आणि तात्या अजून माझ्याशी पूर्वीसारखं मोकळं बोलत नाहीत. त्यांना वाटतं मी आत्याच्या अंगठ्याकडं बोट दाखवलं. मी तसं बोललो नाही, पण त्यांना तसं वाटणं मला चुकीचंही वाटत नाही.

यंदा उत्तरा बरी झाली, हस्तानं पहिले दोन दिवस झोडपलं आणि उघडीप दिली. काल सकाळी सहालाच आक्काचा फोन. लग्नाला तीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत तिनं फोनवर माझी, पोरांची, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, रानाची कधी केली नव्हती.

"वापसा आला का रं?"

म्हटलं, वरच्या तुकड्यात आलाय, खालच्यात अजून पाय चिकटतो. परवा तिफण जुंपतो.

"आई मूठ धरती का यंदा? तिचं गुडघं..."

"धरीन म्हणते. पण सगळं रान नाही व्हायचं तिच्यानं."

"मग परवा जुपू नगंस," ती म्हणाली, "तेरवा जुप. मी येते."